करारनाम्यांचे अनुवाद करायचे आहेत, मग कादंबऱ्या कशाला वाचायच्या?

तुम्ही लिहिले आहे की, फ्रेंचची बी-२ पातळी पूर्ण करून तुम्ही अनुवादाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि पहिल्याच सत्रात फ्रेंच साहित्य, माध्यमविश्लेषण आणि व्यावसायिक लेखन असे तीन विषय पुढ्यात आले. पुढे करारनामे, अहवाल आणि कंपन्यांची पत्रके यांचे अनुवाद करण्याचा तुमचा विचार आहे. म्हणून तुमचे प्रश्न असे: साहित्यावर वेळ घालवून उपयोग काय, बातम्यांचे विश्लेषण करायचे म्हणजे नेमके काय करायचे, तिन्ही विषय एका आठवड्यात कसे बसवायचे, आणि बी-२च्या वरच्या पातळीची, म्हणजे सी-१ची, परीक्षा आत्ताच द्यावी की थांबावे.

मी गेली २२ वर्षे फ्रेंचमधून मराठीत अनुवाद करतो. त्यात साहित्याचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. बाकी सारे करारनामे, न्यायालयीन कागद, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, वार्षिक अहवाल आणि मधली काही वर्षे रात्रपाळीत बसून केलेल्या बातम्या. तुम्हाला ज्या वाटेने जायचे आहे, त्याच वाटेवरचा मी आहे. तरीही उद्या कोणी मला या तीन विषयांतला एक वगळायला सांगितला, तर साहित्य मी सर्वांत शेवटी वगळीन. हे मत मी का बनवले, ते सविस्तर सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. तुम्ही मराठीत अनुवाद करणार असाल, तर माझे बहुतेक सांगणे जसेच्या तसे लागू पडेल. फ्रेंचमध्ये लिहून देण्याचे काम करणार असाल, तर व्यावसायिक लेखनाचे वजन एकदम वाढते, कारण तिथे चूक झाली की ती वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच दिसते. दुसरे असे की, तुमचे परीक्षक साहित्याच्या पेपरात काय मागतात, यावर बरेच अवलंबून आहे. लेखकाचा काळ, वाङ्मयीन संप्रदाय, कथानकाचा सारांश एवढेच विचारले जात असेल, तर त्या पेपरासाठी वेगळी तयारी करावी लागेल आणि ती अनुवादासाठी फारशी कामाला येणार नाही. मी खाली सांगतो आहे तो अभ्यास धंद्यासाठीचा आहे.

आता मूळ अडचण. वेळापत्रकात हे तीन विषय वेगवेगळ्या रकान्यांत असतात, म्हणून ते वेगवेगळे वाटतात. अनुवादकाच्या टेबलावर ते एकाच प्रश्नाच्या रूपाने येतात: हे वाक्य कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, आणि ते बोलून त्याला काय साधायचे आहे? शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण या प्रश्नाचे उत्तर कोशात नसते. साहित्यात तो प्रश्न सर्वांत अवघड रूपात भेटतो, बातमीत सर्वांत घाईच्या रूपात, आणि कार्यालयीन कागदात सर्वांत महागड्या रूपात.

एक उदाहरण जवळून पाहू. आल्बेर काम्यू यांची ‘लेत्रांजे’ ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. तिचे पहिले वाक्य आहे, ‘ओजूर्द्वी, मामाँ ए मॉर्त.’ निवेदक आपल्या आईच्या मृत्यूविषयी सांगतो आहे. दोनच वाक्यांनंतर वृद्धाश्रमाकडून आलेली तार तो उद्धृत करतो: ‘मॅर देसेदे. आँतॅरमाँ दमँ. साँतिमाँ दिस्तँगे.’ घटना एकच आहे. मुलाच्या तोंडी ‘मामाँ’ हा घरातला शब्द आणि ‘मॉर्त’ हा आडपडदा नसलेला शब्द आहे. संस्थेच्या तोंडी ‘मॅर’ हा नोंदवहीतला शब्द आणि ‘देसेदे’ हा मृत्यूच्या दाखल्यावरचा शब्द आहे. पुढे ‘आँतॅरमाँ दमँ’, म्हणजे दफन उद्या. आणि शेवटचे दोन शब्द?

या शेवटच्या दोन शब्दांवर मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना अडखळताना पाहतो. निम्मे जण ‘तीव्र सहवेदना’ असे लिहितात, कारण मृत्यूची तार आहे आणि ‘साँतिमाँ’ म्हणजे भावना, एवढे त्यांना ठाऊक असते. प्रत्यक्षात हे दोन शब्द फ्रेंच औपचारिक पत्राच्या समारोपाचे शेपूट आहे. पूर्ण वाक्य शब्दशः मराठीत आणले, तर ‘महोदय, माझ्या विशेष आदरभावनेची अभिव्यक्ती कृपया स्वीकारावी’ असे काहीतरी होईल. वीजबिलाच्या तक्रारीखालीही ते लिहितात आणि नोकरीच्या अर्जाखालीही. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात, म्हणून संस्थेने सगळे छाटले. पण आई गमावलेल्या माणसाला कळवतानाही पत्रलेखनाचा रिवाज तेवढा सोडवला नाही. तिथे ‘सहवेदना’ घातली की संस्था हळवी होते आणि लेखकाने पहिल्या परिच्छेदातच उभा केलेला थंडपणा नाहीसा होतो. थोडक्यात, ही साहित्यातली ओळ व्यावसायिक लेखन शिकल्याशिवाय कळतच नाही.

आता मराठीकडे या. ‘आज आई गेली’ हे आपल्याला सर्वांत स्वाभाविक वाटते, पण ‘गेली’ म्हणजे मृत्यूवर घातलेले पांघरूण आहे आणि मूळ शब्दात पांघरूण नाही. ‘मेली’ म्हटले तर मराठीत लगेच तुच्छता येते, जी फ्रेंचमध्ये नाही. ‘निधन झाले’ मुलाच्या तोंडी चालणार नाही. तो शब्द तारेसाठी राखून ठेवायला हवा. मी ‘आज आई वारली’वर थांबतो. हा शब्द थोडा जुना वाटतो हे कबूल, पण तो कोरडा आहे आणि अपमानकारक नाही. तारेसाठी मी पूर्वी ‘मातोश्रींचे निधन. दफन उद्या. आपले विश्वासू’ असे करत असे. आता ‘मातोश्री’ मला खटकतो, कारण त्यात जी अदब आहे ती ‘मॅर’मध्ये नाही. ‘माता मृत. दफन उद्या. आपले विश्वासू’ हे कानाला बोचते, पण नोंदवहीचा वास त्याला आहे. तुमचा पर्याय वेगळा असू शकेल. पर्याय कोणताही असो, तो का निवडला हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. पुढे एखाद्या करारातल्या शब्दाबद्दल ग्राहकाच्या वकिलाने जाब विचारला, तर तुम्ही नेमके हेच करणार आहात.

साहित्यातून मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे वाक्यातला आवाज कोणाचा हे ओळखणे. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यांच्यावर ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीबद्दल १८५७ साली खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. आपल्याला प्रियकर मिळाला आहे, या विचाराने नायिका एम्मा हरखून जाते, त्या प्रसंगात एक वाक्य आहे: ‘एल आलॅ दों पोसेदे आँफँ से ज्वा द लामूर’. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी हा प्रसंग न्यायालयात वाचून दाखवला आणि त्याला व्यभिचाराचे गुणगान म्हटले. पण गुणगान कोणाचे, एम्माचे की लेखकाचे? व्याकरणाने वाक्य निवेदकाचे आहे, कारण ‘ती’ तृतीय पुरुषात आहे आणि ‘तिला वाटले’ असे कुठेही नाही. आवाज मात्र तिचा आहे, आणि तो ‘दों’ (म्हणजे, तर) व ‘आँफँ’ (अखेरीस) या दोन लहानशा शब्दांत बसला आहे. ‘ती अखेरीस प्रेमाचे आनंद उपभोगणार होती’ असा अनुवाद केला, तर आवाज निवेदकाचा होतो. ‘म्हणजे प्रेमाचे ते सुख आता तिला एकदाचे मिळणार होते’ असे लिहिले की एम्मा बोलू लागते. मराठीत ‘म्हणजे’, ‘एकदाचे’, ‘तर’, ‘बरे’, ‘तरी’ असे शब्द आवाज वाहून नेतात आणि नवशिके नेमके तेच अनावश्यक समजून गाळतात.

याचा बातमीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. फ्रेंच वृत्तपत्रात रोज भेटणारे एक वाक्य घ्या: ‘ल मिनिस्त्र ओरॅ देमिस्योने.’ व्याकरणाच्या पुस्तकात हा संकेतार्थी भूतकाळ आहे. त्यामुळे नवखा अनुवादक ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ असे लिहून मोकळा होतो आणि वाचक ‘मग का दिला नाही?’ असा विचार करत बसतो. बातमीत या रूपाचा अर्थ अगदी वेगळा आहे: ही माहिती आमची नाही, कोणीतरी सांगितलेली आहे, आम्ही ती पडताळलेली नाही. म्हणजे इथेही प्रश्न आवाजाचाच. मराठीत ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’ हा सरळ वृत्तपत्री पर्याय आहे. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे’ यात कुजबुज येते. ती स्तंभलेखात चालेल, बातमीत नाही. गुन्ह्याच्या बातमीत ‘कथित’ किंवा ‘केल्याचा आरोप आहे’ असे लिहावे लागते. आणि कंटाळून ‘राजीनामा दिला’ एवढेच लिहिले, तर जे फ्रेंच पत्रकाराने सांगितलेले नाही ते तुम्ही त्याच्या तोंडी घातलेत. फ्रान्सच्या २९ जुलै १८८१च्या वृत्तपत्रविषयक कायद्यात बदनामीची व्याख्या करताना, संशयदर्शक शब्दांत केलेला आरोपही शिक्षेस पात्र आहे, असे म्हटले आहे. क्रियापदाचे एक रूप वापरून तिथला पत्रकारही जबाबदारीतून सुटत नाही. मग ते रूपच गाळणारा अनुवादक कसा सुटेल?

माध्यमविश्लेषण म्हणजे हे असे वाचन. कोणत्या वृत्तपत्राचा कल कोणता, हे पाठ करणे त्यात सर्वांत कमी महत्त्वाचे आहे, अर्थात एवढे माहीत हवेच की ‘ल फिगारो’ उजवीकडे झुकलेले आहे, १९७३ साली सुरू झालेले ‘लिबेरास्यों’ डावीकडे, आणि १९०४ साली समाजवादी नेते जां जोरेस यांनी काढलेले ‘ल्युमानिते’ दीर्घकाळ कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र होते. हेही माहीत हवे की ‘ल मोंद’ पॅरिसमध्ये दुपारी विक्रीला येते आणि त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख असते. त्यामुळे छापील अंकातल्या ‘काल’ आणि ‘आज’चा हिशेब तारखेवरून लावताना एक दिवस सहज चुकतो, मी चुकलो आहे. पण खरा अभ्यास एकाच घटनेच्या तीन बातम्या समोर ठेवून होतो. आधी वृत्तसंस्थेची कोरडी बातमी, मग तिच्यावरून दोन दैनिकांनी लिहिलेल्या बातम्या. फक्त बोलण्याची क्रियापदे अधोरेखित करा. एका ठिकाणी नेता नुसता ‘म्हणतो’, दुसऱ्या ठिकाणी ‘ठणकावतो’, तिसऱ्या ठिकाणी ‘कबूल करतो’. ‘प्रेताँद्र’ हे क्रियापद दिसले की थबका: इंग्रजीच्या सवयीने त्याचे ‘ढोंग करणे’ होते, मुळात तो ‘दावा करणे’ आहे आणि त्या दाव्यावर लिहिणाऱ्याचा विश्वास नाही, असे ते सुचवते.

पक्षपात बहुधा नामांत लपतो. रेल्वेचा संप झाला की प्रवाशांना ‘ओलीस धरले’ असे फ्रेंच माध्यमे हमखास म्हणतात. मराठीत त्याला जवळजवळ नेमका जुळणारा शब्दप्रयोग आहे, ‘प्रवाशांना वेठीस धरले’, आणि तोही तितकाच गुळगुळीत झालेला व तितकाच एका बाजूचा आहे. अशी जोडी सापडली की मला मनापासून आनंद होतो. तिथे ‘प्रवाशांची गैरसोय झाली’ असे सौम्य केले, तर तुम्ही संपादकाचे काम आपल्याकडे घेतलेत. उलट मूळ बातमीत नुसती गैरसोय असताना ‘वेठीस’ लिहिले, तर तेच काम दुसऱ्या बाजूने केलेत. दुसरी जोडी तुमच्या कामाला जास्त येईल. पगारावर जी सामाजिक सुरक्षेची रक्कम भरावी लागते, तिला मालकांच्या संघटना ‘शार्ज’ म्हणजे भार म्हणतात आणि कामगार संघटना ‘कोतिझास्यों’ म्हणजे अंशदान म्हणतात. पैसे तेच. दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द वापरलात, तर मजकूर लिहिणारा कोणत्या बाजूचा आहे हे पुसले जाते.

फ्रेंच बातमीत शब्दाची पुनरुक्ती टाळण्याची हौस फार. पहिल्या वाक्यात राष्ट्राध्यक्षांचे नाव, दुसऱ्यात ‘राष्ट्रप्रमुख’, तिसऱ्यात ‘एलिझेचे रहिवासी’ (एलिझे म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान). पंतप्रधानांचे कार्यालय ‘मातिन्यों’, अर्थमंत्रालय ‘बेर्सी’, परराष्ट्र मंत्रालय ‘के दोर्से’. मराठीत हे तसेच ठेवले तर वाचकाला तीन वेगळी माणसे वाटतात. पुनरुक्ती झाली तरी चालेल, पण मराठीत पद स्पष्ट लिहावे.

सर्वनामाबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण इथे मराठी फ्रेंचपेक्षा अधिक बारीक आहे. फ्रेंच ‘नू’साठी आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे मराठीत सांगावेच लागते. कंपनीच्या पत्रात ‘नू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘आम्ही’. तिथे प्रश्न नाही. पण मंत्री भाषणात म्हणतात, ‘नू दव्हों फॅर देझेफॉर’, म्हणजे झळ सोसायला हवी. कोणी? ‘आपल्याला झळ सोसावी लागेल’ म्हटले तर जनताही आली. ‘आम्हाला’ म्हटले तर फक्त सरकार. फ्रेंच वक्ता हे मोघम ठेवतो आणि बऱ्याचदा मुद्दाम ठेवतो. मी अशा ठिकाणी संपूर्ण भाषण वाचून ठरवतो, आणि तरीही ठरवता आले नाही तर ‘झळ सोसावी लागेल’ असे कर्त्याशिवाय लिहितो. मराठी वाक्य कर्ता गाळूनही उभे राहते, याचा उपयोग करून घ्यावा.

आता व्यावसायिक लेखन, आणि त्यातली माझी एक चूक. सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांचे काम आले होते. त्यात ‘प्लाँ द सोव्हगार्द द लाँप्ल्वा’ असे शीर्षक होते. शब्दशः ‘रोजगार संरक्षण योजना’. मी तसे लिहिले. कागद ज्यांच्या हाती गेला, त्यांनी तो आनंदाने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पानावर त्यांना कळले की नोकऱ्या जाणार आहेत. किमान ५० कर्मचारी असलेली कंपनी ३० दिवसांत १० किंवा अधिक जणांना आर्थिक कारणांवरून कमी करू पाहते, तेव्हा फ्रेंच श्रम कायद्यानुसार तिला ही योजना तयार करावी लागते. कपात टाळण्याचे, निदान कमी करण्याचे आणि कमी केलेल्यांना दुसरीकडे सामावून घेण्याचे उपाय तीत द्यावे लागतात. नावात ‘संरक्षण’ आहे ते त्या उपायांमुळे. व्यवहारात ते नाव ऐकले की फ्रेंच कर्मचाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मग मराठीत काय लिहायचे? इथेच मजकुराचा हेतू पाहावा लागतो. बातमीत मी ‘कर्मचारीकपात योजना’ लिहीन. न्यायालयात जाणाऱ्या कागदात कायद्यातल्या नावाचा अनुवाद ‘रोजगार संरक्षण योजना’ असाच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘कर्मचारीकपातीच्या वेळी करावयाची वैधानिक योजना’ असा खुलासा जोडीन. कामगार संघटनेच्या पत्रकात ते नाव उपरोधाने अवतरणात आले असेल, तर अवतरण राखीन. एकाच नावाचे तीन अनुवाद, आणि तिन्ही बरोबर. हे मला कोणत्याही संज्ञाकोशाने शिकवले नाही. कागद कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो आहे, हे विचारण्याच्या सवयीने शिकवले.

अशा फसव्या जागा बऱ्याच आहेत. दोन लवकर सांगून टाकतो. ‘मीझ आँ एग्झामँ’ म्हणजे दोषी ठरणे नव्हे आणि आपल्याकडचे आरोपपत्रही नव्हे. तपास करणारा न्यायाधीश एखाद्याला औपचारिकपणे तपासाच्या कक्षेत आणतो, ती पायरी. १९९३ साली जुनी ‘अँक्युल्पास्यों’ ही संज्ञा बदलून ही आणली, ती आधीच्या शब्दाला दोषाचा वास येत होता म्हणूनच. ‘औपचारिक न्यायालयीन तपासाखाली’ असे लांबट लिहावे लागले तरी लिहावे. दुसरी जागा आकड्यांची: फ्रेंच ‘मिलियार’ म्हणजे १०० कोटी, आणि फ्रेंच ‘बिलियों’ म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजीच्या सवयीने ‘बिलियों’चे १०० कोटी करणारा अनुवादक हजारपटीने चुकतो. दशांशासाठी फ्रेंचमध्ये स्वल्पविराम असतो, हेही ताळेबंद हातात घेण्यापूर्वी स्वतःला बजावावे.

आठवड्याचे म्हणाल, तर तासांची समान वाटणी करू नका. मी शिकवतो तेव्हा आठवड्याला साहित्याचे एकच पान देतो. ते पान मोठ्याने वाचायचे, प्रत्येक वाक्यासमोर समासात बोलणाऱ्याचे नाव लिहायचे, आणि मग दहा ओळींचा अनुवाद करायचा. दोन दिवसांनी फ्रेंच बाजूला ठेवून फक्त मराठी वाचायचे. जिथे जीभ अडते तिथे बहुधा फ्रेंच वाक्यरचना मराठीत घुसलेली असते. पूर्ण कादंबऱ्या सुट्टीत वाचा, कथानकाच्या ओढीने, पेन्सिल न घेता.

बातम्यांसाठी रोज अर्धा तास पुरे, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन बातम्यांची तुलना. आणि एक सराव मला विशेष आवडतो: फेलिक्स फेनेओं यांनी १९०६ साली ‘ल मातँ’ या दैनिकात तीन ओळींच्या हजाराहून अधिक बातम्या लिहिल्या. अपघात, खून, आत्महत्या, संप, सारे तीन ओळींत, आणि क्रियापद असे ठेवलेले की शेवटच्या शब्दाला वाचक दचकतो. त्यातली एक रोज मराठीत तीनच ओळींत आणून पाहा. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे तो दचका कधी फुकट मिळतो आणि कधी हातचा जातो. हे साहित्य की बातमी, हे ठरवण्याची गरज नाही.

व्यावसायिक लेखनाचा निम्मा वेळ मराठीला द्या. हे ऐकून विद्यार्थी नाराज होतात, कारण मराठी आपल्याला येतेच असे प्रत्येकाला वाटते. मग सभेचे इतिवृत्त, निविदेची सूचना, दिलगिरीचे पत्र मराठीत लिहायला सांगितले की पहिल्या वाक्यातच अडतात. मूळ मराठीतच लिहिले गेलेले असे कागद जमवा. अनुवादित कागद नकोत, कारण त्यांत दुसऱ्या कोणाच्या तरी चुका असतात. प्रत्येक फ्रेंच नमुन्यासमोर त्याच कामाचा मराठी नमुना ठेवा. फ्रेंच अर्जातल्या ‘जे लॉनर द...’ या सुरुवातीचा ‘मला सन्मान वाटतो की’ असा अनुवाद करण्याचा मोह मग आपोआप जातो, कारण मराठी अर्जात त्या जागी ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ असे असते आणि दोन्ही वाक्ये एकच काम करतात.

साधनांपैकी एकच सांगतो. १९७१ ते १९९४ या काळात १६ खंडांत प्रसिद्ध झालेला फ्रेंच भाषेचा मोठा कोश, ‘त्रेझॉर द ला लाँग फ्रांसेझ’, आता संगणकावर विनामूल्य पाहता येतो. त्यात शब्दाच्या प्रत्येक अर्थाखाली साहित्यातली आणि वृत्तपत्रांतली अवतरणे आहेत. अर्थ वाचून कोश मिटू नका, अवतरणे वाचा. यांत्रिक अनुवादही वापरा, मी वापरतो. संज्ञा शोधण्यात तो वेळ वाचवतो. पण ‘नू’चे ‘आम्ही’ की ‘आपण’ हा निर्णय त्याने घेतलेला दिसला, की तो मी पहिल्यांदा तपासतो.

राहिला सी-१चा प्रश्न. पहिल्या सत्रात परीक्षा देऊ नका, पण तिचा एक भाग आत्ताच सुरू करा. दाल्फ सी-१च्या, म्हणजे फ्रेंचच्या या पातळीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या, लेखनात दोन-तीन कागदपत्रांवरून सुमारे २२० शब्दांचा संश्लेषित सारांश लिहावा लागतो, त्यात स्वतःचे मत घालायचे नसते आणि मूळ वाक्ये उचलायची नसतात. नंतर किमान २५० शब्दांचा निबंध, ज्यात मत मांडायचे असते. निबंध कोणीही सरावाने लिहितो. सारांश मात्र अनुवादाचा सख्खा भाऊ आहे: दुसऱ्याचे म्हणणे, स्वतःच्या शब्दांत, स्वतःला बाजूला ठेवून. पंधरा दिवसांतून एक सारांश फ्रेंचमध्ये लिहा आणि त्याच कागदांवरून दुसरा मराठीत लिहा. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर फ्रेंच सारांशात काही निसटले आणि मराठीत ते आले, असे दिसले तर अडचण फ्रेंच लिहिण्याची आहे आणि सी-१ला अजून वेळ आहे. दोन्हींत तोच मुद्दा निसटला असेल, तर अडचण वाचनाची आहे, आणि तेव्हा पुन्हा त्या एका पानाकडे, समासातल्या नावांकडे जावे लागेल.